विश्लेषण : लिनक्सचे टूल तयार झाले, पण ते वाटायचे कोणत्या वेष्टनात?

तळेगावपासून कुसगाव-लोणावळ्यापर्यंतच्या पट्ट्यात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. समजा, तिथल्या अंतिम वर्षाच्या एका गटाने जुन्या मराठी छापील पानांच्या फोटोतून मजकूर काढून देणारे छोटे लिनक्स टूल बनवले. खिडकी नाही, बटण नाही. टर्मिनलवर एक आज्ञा लिहायची, की मजकुराची फाइल तयार. सादरीकरण झाले, गुणही मिळाले. मग गावातल्या ग्रंथालयाने विचारले, 'आमच्या संगणकावर टाकून देता का?' आणि तिथे टूल उघडलेच नाही. स्क्रीनवर संदेश एवढाच, की ग्लिबसीची अमुक आवृत्ती सापडली नाही.

टूल अडते कुठे?

ग्लिबसी ही लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रामना लागणारी पायाभूत लायब्ररी. नव्या उबुंटूवर बांधलेला प्रोग्राम नव्या ग्लिबसीची अपेक्षा करतो. ग्रंथालयातल्या जुन्या संगणकाकडे ती नसते. शिवाय अशा टूलचे खरे काम बहुधा टेसरॅक्ट करते. हे मजकूर ओळखणारे इंजिन ह्युलेट पॅकार्डमध्ये १९८५ ते १९९४ या काळात घडले, २००५ मध्ये खुले झाले आणि २००६ पासून गुगलने त्याला हातभार लावला. मराठीसाठी त्याची वेगळी डेटा फाइल लागते. म्हणजे विद्यार्थ्यांचा स्वतःचा कोड काहीशे ओळींचा. बाकी सारे दुसऱ्यांचे श्रम. ते सोबत बांधून न्यायचे, की पलीकडच्या संगणकावर मिळतील असे गृहीत धरायचे, हा पॅकेजिंगचा मूळ प्रश्न आहे.

लोणावळ्याच्या चिक्कीवाल्याला तो समजावून सांगावा लागणार नाही. परातीतली सुटी चिक्की दुकानासमोर खाणाऱ्याला चालते. पावसाळ्यात मुंबईला न्यायची तर हवाबंद पाकीटच हवे, नाहीतर कर्जत येईपर्यंत ती मऊ पडायची.

बंद पाकिटे किती प्रकारची?

कॅनॉनिकलचे स्नॅप आणि डेस्कटॉपसाठीचे फ्लॅटपॅक ही दोन्ही नावे २०१६ पासून रूढ झाली. फ्लॅटपॅकचा रोख खिडकीवाल्या अॅपवर आहे. त्याचे आधारसंच शेकडो एमबीचे असतात आणि चार अक्षरी आज्ञेऐवजी लांबलचक नाव टाइप करावे लागते. टर्मिनलच्या छोट्या टूलसाठी ते सोडून दिलेले बरे. स्नॅप स्वतःहून अद्ययावत होते, ही त्याची मोठी सोय. पण ते कुंपणात चालते. ग्रंथपालाने पेन ड्राइव्हवर आणलेले फोटो वाचायला वेगळी परवानगी द्यावी लागते आणि कुंपण पूर्ण काढायचे तर स्नॅप स्टोअरच्या तपासणीतून जावे लागते. त्यात घाटमाथ्यावर पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे. दिवसातून चारदा अपडेट शोधणारी व्यवस्था तिथे फार उपयोगाची नाही.

अॅपइमेज म्हणजे एकच फाइल, इन्स्टॉल न करता चालणारी. ऐकायला छान. पण अनेक अॅपइमेजना जुनी फ्यूज लायब्ररी लागते आणि उबुंटू २२.०४ मध्ये ती मुळात येत नाही. गो किंवा रस्ट या भाषांत लिहिलेल्या, कशावरही न विसंबणाऱ्या टूलसाठी सगळे पोटात घेतलेली एकच स्थिर बायनरी हा उत्तम मार्ग आहे. ग्लिबसीचे रडगाणेच संपते. टेसरॅक्टवर उभ्या असलेल्या टूलला मात्र तो जाचक होतो.

आणि 'इंटरनेटवरची ही स्क्रिप्ट अॅडमिनच्या अधिकाराने थेट चालवा' असे सांगणारी एक ओळ? ती सर्वांत सोपी म्हणून सर्वांत लोकप्रिय आहे. ग्रंथपालाला हे करायला सांगणे म्हणजे घराची किल्ली कुरिअरवाल्याकडे देणे.

पाकिटातला गूळच खराब निघाला तर?

बंद पाकिटांची खरी अडचण इथे आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड ही त्रुटी उघड झाली. ज्यांनी ही लायब्ररी वितरणाकडून सामायिक घेतली होती, त्यांचे काम एक पॅकेज बदलून आणि सेवा पुन्हा सुरू करून बरेचसे भागले. ज्यांनी ती आपापल्या पोटात बांधली होती, त्यांना प्रत्येक प्रोग्राम नव्याने बांधून पुन्हा वाटावा लागला.

मार्च २०२४ चे एक्सझेड प्रकरण तर थेट वाटपाच्या टप्प्यावरचे. या संकुचन साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट पेरली होती. तिला जागे करणारा तुकडा खुल्या भांडारात नव्हता, वाटपासाठी बांधलेल्या संचात होता. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या कुतूहलातून आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती पकडली. डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत ती पोहोचली होती, स्थिर आवृत्तीत नाही. डेबियनच्या संथपणाला नावे ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यायला हवे.

मग निवड कोणती?

या टूलसाठी डेब. उबुंटू असो वा डेबियन, दोन्हीकडे टेसरॅक्ट आणि त्याचा मराठी डेटा आधीच पॅकेज म्हणून आहेत. डेबमध्ये फक्त स्वतःचा कोड आणि 'ही दोन पॅकेजे लागतील' एवढी नोंद पुरते. बाकीचे एपीटी आणून बसवते. फाइल इतकी लहान होते, की व्हॉट्सअॅपवरही पाठवता येईल, पण तसे पाठवू नये. स्वाक्षरी केलेल्या भांडारातूनच द्यावी. नेट नसलेल्या ठिकाणी लागणारी सगळी पॅकेजे पेन ड्राइव्हवर न्यावी लागतील, हा त्रास खरा आहे. फेडोरा वापरणारे असतील तर आरपीएम वेगळे बांधावे लागेल आणि रास्पबेरी पायसाठी आर्म प्रोसेसरची बांधणीही.

डेबियनच्या अधिकृत भांडारात शिरणे वेळखाऊ आहे. नवख्याला आधी प्रायोजक शोधावा लागतो, नियम काटेकोर असतात आणि स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. तोवर उबुंटूसाठी लाँचपॅडवरचे मोफत पीपीए भांडार चालेल. मदत करणारे हात पुण्यात सापडू शकतात. फेडोराची फडकॉन परिषद २०११ मध्ये सीओईपीतच भरली होती.

हा खटाटोप करायचा, कारण पुढच्या जूनमध्ये या गटातली मुले हिंजवडीला, बंगळुरूला नोकरीला लागलेली असतील. त्यांच्या लॅपटॉपवर बांधलेली बंद फाइल दुसऱ्या कुणाला दुरुस्त करता येणार नाही. डेबियनमध्ये मात्र सांभाळणारा निघून गेला तर पॅकेज 'अनाथ' म्हणून जाहीर होते, बांधणीची कृती सर्वांसमोर असते आणि कुणीही अनोळखी माणूस ते दत्तक घेऊ शकतो.