सॉफ्टवेअर फुकट, मग राखणदाराचा पगार कोण देणार?

ओपन सोर्स म्हटलं की आपल्याकडे एकच शब्द ऐकू येतो, फुकट. साहेब खूश, ठेकेदार त्याहून खूश. लायसन्सचे पैसे वाचले, बिल मात्र पूर्ण निघालं. पण ते सॉफ्टवेअर सांभाळतं कोण? नवीन आवृत्ती बाहेर सोडण्याआधी तपासतं कोण? हे विचारलं की सगळे छताकडे बघतात.

पोस्ट मोठी आहे मंडळी, पण विषय तुमच्या खिशातला आहे. अँड्रॉइड मोबाईलच्या पोटात लिनक्स आहे आणि लिनक्स ओपन सोर्स आहे. आधारची यंत्रणा उभी करतानाही ओपन सोर्सचाच मोठा आधार घेतला गेला. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

२०२४ च्या मार्चमधली गोष्ट. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा मायक्रोसॉफ्टमधला एक इंजिनिअर स्वतःच्या कामासाठी चाचण्या घेत होता. दुसऱ्या मशीनवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याच्या लक्षात आलं. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, नेट स्लो असेल. हा पठ्ठ्या खोदत गेला आणि २९ मार्चला त्यानं जगाला सांगितलं, की एक्सझेड नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवलाय.

एक्सझेड म्हणजे फाइल दाबून लहान करणारं छोटंसं साधन. लिनक्सवर ते जवळपास सगळीकडे असतं. ज्याच्याकडे खास किल्ली, त्याला त्या दरवाजातून सर्व्हरमध्ये घुसून हवा तो हुकूम चालवता आला असता. नशीब, की ५.६.० आणि ५.६.१ या बिघडवलेल्या आवृत्त्या लिनक्सच्या चाचणीच्या आवृत्त्यांपर्यंतच गेल्या होत्या. बँका, कंपन्या वापरतात त्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत पोचायच्या आत चोर सापडला.

आता चोर आत शिरला कसा ते बघा. एक्सझेडचा मेंटेनर, म्हणजे राखणदार, फिनलंडचा लासे कॉलिन. वर्षानुवर्षं हे काम तो बिनपगारी, हौस म्हणून करत होता. २०२२ मध्ये काही लोक त्याच्या मागं लागले. नवीन आवृत्ती कधी, झेपत नसेल तर दुसऱ्याला दे. त्यातलं एक नाव तर 'जिगर कुमार' असं आपल्याकडचं वाटणारं होतं. कॉलिननं उत्तर दिलं, की आपलं मानसिक स्वास्थ्य बरं नाही आणि हा बिनपगारी छंद आहे. त्याच काळात 'जिया टॅन' नावाचा एक जण गुणी मुलासारखा मदत करत होता. हळूहळू सोबत्याचे अधिकार त्याच्याकडे आले. सुमारे अडीच वर्षं विश्वास कमावून त्यानं दरवाजा बसवला. हा जिया टॅन कोण, हे आजही उघड झालेलं नाही.

यातली मेख आम्हा पेपरवाल्यांना लगेच कळेल. सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये चोरीचा सगळा माल नव्हता. काही भाग चाचणीच्या फाइलींत लपवला होता आणि तो जागा करणारा तुकडा फक्त रिलीजच्या गठ्ठ्यात होता. म्हणजे संपादकानं पास केलेलं पान एक आणि छापखान्यात गेलेलं पान दुसरं!

यावर नियम नाहीत का? आहेत की. दुसऱ्या माणसानं तपासल्याशिवाय कोणताही बदल आत घेऊ नये. रिलीज एकट्याच्या हातात असू नये. जो कोड सगळ्यांना दिसतो त्यातूनच रिलीज तयार व्हावा आणि तो तसाच आहे का हे कुणालाही पडताळता यावं. रिलीजवर डिजिटल सही असावी. काय बदललं ते चेंजलॉगमध्ये लिहावं. सुरक्षेची चूक सापडली तर कुठं कळवायची ते ठरलेलं असावं. राखणदार थकला तर कारभार कुणाकडे आणि कसा जाईल, हे आधीच लिहून ठेवावं. एकूण एक नियम शहाणपणाचा आहे.

पण नियम लिहायला कागद लागतो, पाळायला माणसं लागतात. जिथं राखणदारच एक, तिथं दुसऱ्यानं तपासायचं म्हणजे कुणी? दिवसभर नोकरी करून रात्री कोड बघणाऱ्याच्या हातात चाळीस कलमांची नियमावली द्यायची आणि चूक झाली की त्याच्याच नावानं खडे फोडायचे, हा कुठला न्याय? गावच्या पाणीयोजनेचा व्हॉल्व्ह सोडणाऱ्याला मानधन द्यायचं नाही आणि पाणी उशिरा आलं की त्याच्या दारात मोर्चा न्यायचा, त्यातलाच हा प्रकार.

हे पहिल्यांदा घडलं असंही नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली 'हार्टब्लीड' ही चूक उघडकीला आली. बँकेची वेबसाइट उघडताना दिसणारं ते कुलूप, ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी हे सर्वात जास्त वापरलं जाणारं. त्याआधी या प्रकल्पाला देणग्या किती मिळायच्या? वर्षाला साधारण २,००० डॉलर. पूर्णवेळ माणूस एक. जगातल्या बलाढ्य कंपन्या त्याच्यावर धंदा करत होत्या. आयत्या पिठावर रेघोट्या, दुसरं काय!

काही जण म्हणतील, म्हणूनच सांगतो, कंपनीचं बंद सॉफ्टवेअर घ्या, झंझट नको. त्यांना १९ जुलै २०२४ ची आठवण करून देतो. क्राउडस्ट्राइक या कंपनीनं एक सदोष अपडेट सोडला आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बसले. आपल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथं पगार होते, ऑफिस होतं, तरी अपडेट आधी थोड्यांना देऊन बघायचा आणि मग सगळ्यांना सोडायचा, ही साधी शिस्त पाळली गेली नाही. एक्सझेडमधला चोर निदान सापडला, कारण कोड उघडा होता आणि बाहेरचा माणूस आत डोकावू शकला.

आता आपल्या घरात या. केंद्र सरकारनं २०१५ मध्येच धोरण आणलं, की ई-गव्हर्नन्समध्ये ओपन सोर्सला प्राधान्य द्या आणि ते वगळलं तर कारण सांगा. चांगलं धोरण आहे. पण एखादी निविदा मला दाखवा, जिच्यात लिहिलंय की ज्या ओपन सोर्सवर हे पोर्टल उभं राहणार, त्याच्या राखणदारांसाठी इतकी रक्कम. जर्मनीच्या सरकारनं २०२२ मध्ये याच कामासाठी वेगळा निधी काढला. आपल्याकडे झेरोधा या खाजगी कंपनीनं २०२४ मध्ये वर्षाला १० लाख डॉलरचा निधी जाहीर केला. एका शेअर ब्रोकरला जे सुचतं ते सरकारला का सुचू नये?

आणि आपण सामान्य लोकही काही कमी नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये एका स्पर्धेत टी-शर्ट फुकट मिळतो म्हणून जगभरच्या प्रकल्पांवर रद्दी बदलांचा पाऊस पडला. कुणी एक शब्द घुसडला, कुणी स्वतःचं नाव. त्यातला बराच लोंढा एका भारतीय यूट्यूब व्हिडिओमुळे आला होता. शेवटी आयोजकांना नियम बदलावे लागले. राखणदारांचा वेळ आपण असा टी-शर्टपायी जाळला.

म्हणून मागण्या सरळ आहेत.

एक, सरकारी पैशातून होणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये कोणकोणते ओपन सोर्स भाग आहेत त्याची यादी ठेकेदारानं द्यावी. सर्ट-इननं २०२४ मध्ये अशा यादीची मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती कपाटात ठेवायला काढलेली नाहीत.

दोन, देखभालीच्या रकमेतला ठरावीक वाटा त्या भागांच्या राखणदारांकडे जावा. पैसे जमत नसतील तर माणसं द्या. ठेकेदाराच्या इंजिनिअरनं दुरुस्ती केली तर ती मूळ प्रकल्पाला परत पाठवणं सक्तीचं करा.

तीन, आपल्या भागातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी विकतच्या प्रोजेक्टला मार्क देणं बंद करावं. पोरांना एखाद्या खऱ्या प्रकल्पाची चाचणी घेऊ द्या, मराठी भाषांतर करू द्या, रिलीज पडताळू द्या. नोकरीच्या मुलाखतीत तेच कामाला येईल.

पुढच्या वेळी एखाद्या पोर्टलचं उद्घाटन होताना दिसलं, की फीत कापणाऱ्या साहेबांना एवढंच विचारा: साहेब, हे ज्याच्यावर उभं आहे ते सांभाळणारे किती जण आहेत आणि त्यांना आपण काय देतो? उत्तर मिळालं तर मला कमेंटमध्ये कळवा, जसंच्या तसं छापतो. पटलं असेल तर पोस्ट पुढं पाठवा, आणि पटलं नसेल तर मुद्द्यावर भांडा.