घोटाळ्यांनी न हरलेला ह्यूई लाँग आणि विरोधकांची चूक

१/ एप्रिल १९२९. अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या कनिष्ठ सभागृहाने गव्हर्नर ह्यूई लाँग याच्याविरुद्ध महाभियोगाचे आरोप मंजूर केले. लाचखोरी, सरकारी पैशाचा गैरवापर अशी आरोपांची लांबलचक यादी होती. विरोधकांनी त्याला संपलेला मानले. पुढच्याच वर्षी तो अमेरिकेच्या सिनेटवर निवडून आला. असे का घडले? #थ्रेड

२/ मतदार अडाणी होते, भाषणांना भुलले, असे सोपे उत्तर नेहमी दिले जाते. हे उत्तर आळशी आहे आणि घातकही. लाँगच्या विरोधकांनी नेमके हेच उत्तर स्वीकारले आणि ते वर्षानुवर्षे हरत राहिले.

३/ १९२८ साली लाँग सत्तेवर आला तेव्हा संपूर्ण राज्यात पक्के रस्ते जेमतेम ३०० मैलांच्या आसपास होते. शालेय पुस्तके पालकांना विकत घ्यावी लागत. मत देण्यासाठी वर्षाला एक डॉलर कर होता. सत्तेच्या नाड्या बडे मळेवाले, न्यू ऑर्लिन्समधील जुना राजकीय गट आणि स्टँडर्ड ऑइल कंपनी यांच्या हाती होत्या. ‘सभ्य’ म्हणून मिरवणारी मंडळी ती हीच.

४/ लाँगने मुलांना मोफत पुस्तके दिली. चिखलात रुतलेल्या गावांपर्यंत रस्ते नेले, पूल बांधले, निरक्षर प्रौढांसाठी रात्रशाळा काढल्या. १९३४ मध्ये मतदानाचा कर रद्द झाला. गरीब शेतकऱ्याचा हिशेब सरळ होता: सभ्य लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या काही दिले नाही, या उद्धट माणसाने पोराच्या हातात पुस्तक ठेवले.

५/ म्हणून लाँगला संत ठरवावे काय? मुळीच नाही. सरकारी नोकरांच्या पगारातून त्याच्या राजकीय निधीसाठी सक्तीने कपात होई; त्या पैशांची पेटी कुप्रसिद्ध होती. सिनेटर झाल्यावरही राज्य त्याच्याच मुठीत राहिले. विरोधी वृत्तपत्रांना नमवण्यासाठी त्याने जाहिरातींवर कर लादला. १९३६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. मतदानाचा कर गेला, पण कृष्णवर्णीयांना मतपेटीपासून रोखणारे अन्य अडथळे तसेच राहिले. ‘खाल्ले, पण काम केले’ म्हणणाऱ्यांनी ही किंमतही हिशेबात धरावी.

६/ आता विरोधकांकडे वळू. महाभियोगाची ठिणगी पडली ती तेलावर पिंपामागे पाच सेंट कर लावण्याच्या लाँगच्या प्रस्तावातून. त्यामुळे सारा खटला तेल कंपनीचा सूड वाटला. त्यात लाचखोरीच्या आरोपाशेजारी शिवराळ भाषा आणि नाइट क्लबमधील वर्तन हेही आरोप बसवले गेले. क्षुल्लक आरोपांनी गंभीर आरोपांचे वजन घटवले. अखेर १५ राज्य सिनेटरांनी आपण दोषी ठरवणार नाही, असे लेखी जाहीर केले. दोन-तृतीयांश बहुमत अशक्य झाले आणि खटला कोसळला.

७/ दुसरे शस्त्र उपहासाचे. मार्च १९३० मध्ये एका जर्मन युद्धनौकेच्या कप्तानाला लाँग हिरव्या रेशमी पायजम्यात भेटला. गदारोळ उठला. दुसऱ्या दिवशी उसन्या औपचारिक पोशाखात तो नौकेवर जाऊन माफी मागून आला आणि देशभर प्रसिद्ध झाला. खेडवळ म्हणून त्याला हसणारे लोक नकळत खेड्यालाच हसत होते, आणि खेड्याला ते ऐकू येत होते.

८/ तिसरे शस्त्र खरेखुरे. जानेवारी १९३५ मध्ये विरोधकांच्या सशस्त्र जमावाने बॅटन रूजमधील न्यायालयाच्या इमारतीचा ताबा घेतला. परिणाम? लष्करी कायदा, आणि लाँगची पकड अधिक घट्ट. सप्टेंबरमध्ये त्याच शहरातील राज्य विधिमंडळाच्या इमारतीत लाँगवर गोळी झाडली गेली. १० सप्टेंबरला तो मरण पावला. तरीही १९३६ ची निवडणूक त्याच्याच गटाच्या रिचर्ड लेश याने मोठ्या फरकाने जिंकली. माणूस गेला, मते राहिली.

९/ अधिक शहाणा प्रतिस्पर्धी वॉशिंग्टनमध्ये होता. लाँगच्या ‘संपत्ती वाटून घ्या’ चळवळीला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी दुहेरी उत्तर दिले. एकीकडे प्राप्तिकर खात्याने लाँगच्या साथीदारांचे हिशेब तपासले. दुसरीकडे १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षा कायदा आला आणि अतिश्रीमंतांवरील प्राप्तिकराचा कमाल दर ७९ टक्क्यांवर गेला. त्यामागे महामंदीसह अनेक कारणे होती; लाँगचा दबाव त्यांतले एक.

१०/ १९३९ मध्ये घोटाळे उघड होऊन गव्हर्नर लेश पायउतार झाला, पुढे तुरुंगात गेला. १९४० मध्ये सुधारणावादी सॅम जोन्स जिंकला. त्याने स्वच्छ कारभाराचे वचन दिले. लोकांच्या पदरात पडलेल्या सवलती काढून घेण्याची भाषा केली नाही. तरी १९४८ मध्ये लाँगच्या भावाने, अर्ल लाँगने, याच जोन्सचा दणदणीत पराभव केला. एकटी स्वच्छता फार काळ पुरत नाही.

११/ लोकप्रिय नेत्याच्या योजना स्वीकारणे म्हणजे त्याला शरण जाणे, असा आक्षेप घेतला जातो. हा आक्षेप मानणारे ती गरज कायमची त्याच्या नावावर लिहून देतात. गुन्ह्याचा निकाल न्यायालयात लागावा, पुराव्यानिशी, क्षुल्लक आरोपांची भेसळ न करता. गरजेचे उत्तर राजकारणाने द्यावे, आणि ते मतदाराचा अपमान न करता.

१२/ लुइझियानातील ते पुस्तक लाँगचे कधीच नव्हते. ते मुलाच्या हक्काचे होते. सभ्य लोकांनी ते लाँगच्या आधी द्यायला हवे होते. त्यांनी दिले नाही, आणि त्या एका चुकीपुढे त्यांनी उघड केलेले सारे घोटाळे थिटे पडले.

(समाप्त)