न मोजलेले कर्ज

राज्यावरचे कर्ज मर्यादेत आहे, असे सरकार सांगते. जुनी पेन्शन परत द्या, पैसा उभा करणे तुमचे काम, असे कर्मचारी संघटना बजावतात. आणि आयुष्यात सरकारी पेन्शनचा एक रुपयाही ज्याच्या हाती पडणार नाही, तो दिवा स्थानकाच्या फलाटावरचा माणूस म्हणतो, "यांची पेन्शनच बंद करा." तिघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण हिशेब मात्र कोणीच पुरा करत नाही.

आधी सरकारचे घेऊ. 2025-26 च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राचे कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल, असा अंदाज होता. राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या तुलनेत हे साधारण 19 टक्के, म्हणजे 25 टक्क्यांच्या मर्यादेच्या आत, मग बोंब कशाची? पण कर्ज स्थूल उत्पन्नातून फेडले जात नाही, तिजोरीत येणाऱ्या महसुलातून फेडले जाते. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या उत्पादनातून होणारी मूल्यवाढ राज्याच्या उत्पन्नात धरली जाते. तिजोरीत येतो तो त्यातला कराचा वाटा. त्या वर्षीचा अपेक्षित महसूल होता 5 लाख 61 हजार कोटी. म्हणजे कर्ज वर्षभराच्या मिळकतीच्या दीडपटीहून जास्त. महसुली तूट 45,891 कोटी आणि राजकोषीय तूट 1 लाख 36 हजार कोटी. उसन्या आणलेल्या दर तीन रुपयांतला एक रुपया धरण-पुलाला न लागता रोजच्या खर्चात जातो. पगार, पेन्शन आणि व्याज यांतच निम्म्याहून जास्त महसूल संपतो.

तरीही यात खरी मोठी रक्कम आलेलीच नाही. रोखे विकून घेतलेले कर्ज मोजले जाते. आज सेवेत असलेल्यांना आणि निवृत्तांना पुढची तीस-चाळीस वर्षे जे द्यायचे कबूल केले आहे, ते त्या 19 टक्क्यांत नाही. बँकेचे देणे तेवढे कर्ज आणि तलाठ्याचे, शिक्षिकेचे देणे म्हणजे पुढच्या सरकारची डोकेदुखी, हा कुठला हिशेब?

आता संघटनांकडे वळू. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर नोकरीला लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली आणि अंशदानाची योजना आली. 14 ते 20 मार्च 2023 या सात दिवसांत "एकच मिशन, जुनी पेन्शन" या घोषणेने राज्य ठप्प झाले. शाळा, कार्यालये, रुग्णालये अडली, अवकाळीचे पंचनामे रखडले. या संतापाला कारण होते. पगारातून दहा टक्के कापले जात होते, पण कितीतरी शिक्षकांना वर्षानुवर्षे हिशेबाची चिठ्ठी मिळाली नाही. सरकारचा वाटा वेळेवर जमा झाला नाही. सेवेत असताना कर्मचारी गेला, तर घरच्यांच्या हाती पडणारी रक्कम पाहून कोणालाही चीड यावी. बाजाराच्या भरवशावर म्हातारपण सोडणार नाही, असे कोणी म्हटले तर त्याला आळशी ठरवणे हा निव्वळ माज आहे.

पण मागणी न्याय्य असली म्हणून तिच्यावरचा उपाय बरोबर ठरत नाही. जुन्या योजनेत पेन्शनसाठी कोणीच पैसा बाजूला टाकत नाही. पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी (जीपीएफ) हा कर्मचाऱ्याचा स्वतःचा, तो व्याजासह त्याला परत मिळतो. पेन्शन मात्र त्या त्या वर्षीच्या करातून येते. म्हणून "आमच्याच पैशातून आम्हाला देता" हे खरे नाही. आणि यातली खरी मेख काळाची आहे. 2005 नंतर पंचविशीत लागलेला कारकून 58 व्या वर्षी, म्हणजे 2038 च्या पुढे निवृत्त होणार. आज जुनी पेन्शन जाहीर केली की नव्या योजनेतला सरकारचा 14 टक्क्यांचा हप्ता लगेच वाचतो, टाळ्या लगेच मिळतात आणि बिल येते पंधरा वर्षांनी, दुसऱ्याच कोणाच्या दारी. राजस्थान, छत्तीसगड, पंजाब, हिमाचल यांना 2022-23 मध्ये जुनी वाट धरावीशी वाटली, त्यामागे हे गणितही होते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2023 च्या बुलेटिनमधील अभ्यासाने हा भार नव्या योजनेच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो, असे मांडले. डिसेंबर 2022 मध्ये नागपूरला देवेंद्र फडणवीस यांनी एक लाख दहा हजार कोटींच्या बोज्याचा आणि दिवाळखोरीचा इशारा दिला होता. इशारा ठीक, पण तो खरा मानत असाल तर तेवढा पैसा बाजूला काढायची सोय कुठे आहे, हे कोणी सांगितले नाही.

पुढे तडजोड झाली. एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना 25 ऑगस्ट 2024 रोजी मंत्रिमंडळाने केंद्रापाठोपाठ एकीकृत पेन्शन योजना स्वीकारली. 25 वर्षे सेवा झाली, तर मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन आणि कुटुंबाला तिच्या 60 टक्के. दिशा बरोबर. केंद्राच्या योजनेत सरकारच्या 18.5 टक्क्यांपैकी 8.5 टक्के सामायिक निधीत जातात, कारण हमी दिली की बाजार पडल्यावर खड्डा कोणीतरी भरायचा असतो. राज्यात हमीची बातमी मोठ्या अक्षरांत छापून आली. खड्डा कशाने भरणार, याची चर्चा मात्र झाली नाही.

आता फलाटावरचा माणूस. दिव्याच्या एका इमारतीत तळमजल्यावर पालिकेतून निवृत्त झालेले काका नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला घेऊन बँकेत जातात. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खाजगी कारखान्यातून सुटलेले. त्यांच्यासाठीच्या ईपीएस-95 या पेन्शन योजनेची किमान पेन्शन 2014 पासून महिन्याला हजार रुपये. त्यांच्या बोलण्यात कडवटपणा यायचाच. पण तळमजल्यावरची पेन्शन बुडाली, तर वरच्याची एक दमडीही वाढत नाही. शिवाय त्याच पालिकेत ठेकेदाराकडून ठोक मानधनावर राबणारा सफाई कामगार दोघांपेक्षाही वाईट अवस्थेत आहे. आस्थापना खर्च 35 टक्क्यांच्या आत ठेवायचा म्हणून कायम भरती टाळली जाते आणि पेन्शनचा प्रश्न कागदावरून पुसला जातो, माणूस मात्र म्हातारा होतोच.

पालिकेची गोष्ट वेगळी काढण्याचे कारण आहे. दिवा ज्या पालिकेत येतो, त्या ठाण्यात जकात 2013 ला गेली, मग स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला आणि 2017 ला जीएसटीने उरलेसुरले संपवले. आता ठाणे काय नि कल्याण-डोंबिवली काय, राज्याकडून येणाऱ्या जीएसटी भरपाईच्या हप्त्याकडे डोळे लावून बसतात. म्हणजे मंत्रालयाचे कर्ज वाढले की त्याची झळ पालिकेच्या पेन्शनीला आणि दिव्याच्या पाण्याच्या लाइनला एकाच वेळी लागू शकते. 2013 साली अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराने दिवाळे जाहीर केले, तेव्हा निवृत्तांच्या मंजूर पेन्शनीलाही कात्री लागली. आपल्याकडे पालिका दिवाळे काढत नाही, ती देणी थकवते: ठेकेदाराचे बिल, वेतन आयोगाचा फरक, ग्रॅच्युइटी. निवृत्ताला चपला झिजवायला लावणे हीसुद्धा एक कपातच आहे.

म्हणून माझे म्हणणे जुनी की नवी या भांडणापलीकडचे आहे. पेन्शन हवी, हमीची हवी, पण ज्या वर्षी ती कमावली जाते त्याच वर्षी तिचा पैसा बाजूला पडला पाहिजे. कर्जफेडीसाठी राज्य रिझर्व्ह बँकेकडे सिंकिंग फंड ठेवते. सावकारासाठी जी शिस्त जमते, ती शिक्षिकेसाठी का जमू नये? पेन्शनच्या एकूण देण्याचे विमागणिती मूल्यांकन दरवर्षी अर्थसंकल्पासोबत विधिमंडळात मांडावे आणि तो आकडा कर्जाच्या शेजारच्याच रकान्यात छापावा. महसुली तूट असताना नवी रोख खैरात जाहीर करायची असेल, तर तेवढीच रक्कम आधी पेन्शनसाठीच्या निधीत भरण्याची सक्ती हवी. हे राजकारण्यांना आवडणार नाही. संघटनांनाही कदाचित नाही, कारण आकडा दिसला की मागणीला किंमत चिकटते.

दिव्याच्या नगरसेवकांनी पाणी आणि फाटकावरचा पूल यांसाठी भांडावेच. पण ठाणे महापालिकेचे पुढचे अंदाजपत्रक सभागृहात येईल तेव्हा एक प्रश्न लेखी विचारावा: आजवर निवृत्त झालेल्या आणि पुढच्या वीस वर्षांत निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यांचे एकूण देणे किती आणि त्यासाठी बँकेत आज किती रुपये आहेत? आणि तुम्हा-आम्हाला तो विचारायचा असेल, तर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचे तिकीट पुरते.