विजेरी हे शेतीचे अवजार आहे

फवारणीचा पंप घेताना शेतकरी त्याचे नोझल उलटसुलट करून पाहतो, खुरप्याच्या पात्यावर अंगठा फिरवून धार अजमावतो, बियाण्याच्या पिशवीवरील उगवणक्षमतेचा आकडा वाचतो. हाच चोखंदळ ग्राहक विजेरी घेताना मात्र दुकानदाराने भिंतीवर पाडून दाखवलेल्या झोतावर विसंबतो आणि जी सर्वांत लख्ख दिसेल ती उचलतो. विजेरीला आपण अजून अवजारांत गणलेले नाही, हे याचे कारण असावे. ती जत्रेत, आठवडी बाजारात किंवा मोबाइलच्या दुकानात मिळणारी किरकोळ वस्तू राहिली आहे. रात्रीच्या सिंचनाच्या काळात ही समजूत महाग पडते, असे माझे मत आहे.

कृषिपंपांना थ्री-फेज वीज चक्राकार पद्धतीने मिळते. रात्रीची पाळी आली की गव्हाचे, हरभऱ्याचे, उसाचे पाणी ऐन मध्यरात्री फिरवावे लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आला, आणि दिवसा वीज हाच या प्रश्नाचा खरा उपाय आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु प्रत्येक वाहिनीवर तो दिवस उजाडेपर्यंत माणसे अंधारात बांधावरून चालणारच. शिवाय दिवसा वीज मिळाली तरी गोठा, खळे, पहाटेची धार आणि पावसाळ्यातील तुंबलेला चर यांसाठी रात्रीचे चालणे संपणार नाही.

या चालण्याची किंमत आकड्यांत मोजली गेली आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी मृत्युकारण अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण होती आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतील होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांपैकी मण्यार पूर्णतः निशाचर, तर घोणसही बहुधा रात्रीच हिंडणारी. दंश होतो तो प्रामुख्याने पायाला, पाऊल पडते त्या ठिकाणी. तेव्हा शेतकऱ्याच्या विजेरीचे पहिले काम पुढच्या दोन-तीन पावलांतील जमीन नीट दाखवणे हे आहे. शंभर पावलांवरचे झाड उजळणे हे त्यानंतरचे.

येथेच बाजाराची आणि शेताची गरज वेगळी होते. भिलाईच्या सिविक सेंटरचे उदाहरण घेऊ. पोलाद कारखान्याच्या वसाहतीची ही मध्यवर्ती बाजारपेठ. विदर्भातून नोकरीनिमित्त तिकडे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना ती परिचित आहे. पाळीवरून परतणारा कामगार आणि दुर्ग, बेमेतरा, बालोदकडचा धान उत्पादक या दोघांनाही भिलाई-दुर्गचीच बाजारपेठ. कामगाराला पिशवीत किंवा खिशात मावणारा, जिन्यावर वा सायकल लावण्याच्या जागी दहा मिनिटे पुरणारा उजेड हवा. धान उत्पादकाला सहा-सात तास टिकणारा, चिखलात पडला तरी न विझणारा आणि हात मोकळे ठेवणारा उजेड हवा. दोघांपुढे मात्र खोका एकच येतो आणि त्यावर ठळक अक्षरांत एकच गोष्ट छापलेली असते : अमुक हजार लुमेन. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातही चित्र निराळे नाही.

लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो किती दूर जाईल हे ठरते कँडेलावर, म्हणजे एका दिशेने एकवटलेल्या तीव्रतेवर. विजेऱ्यांच्या मापनाची जी पद्धत २००९ पासून जगभर रूढ झाली, तिच्यात पल्ला मोजण्याचा हिशोब सोपा आहे : कँडेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट करावे, येतील तितके मीटर. १०,००० कँडेलाची विजेरी २०० मीटर, २०,००० ची सुमारे २८० मीटर. पण या पल्ल्याच्या टोकाला उरतो तो चांदण्याइतका उजेड. तिथले जनावर कुत्रे आहे की बिबट्या हे ओळखायचे असेल तर छापील पल्ल्याचा तिसरा हिस्सा धरावा, असा माझा ठोकताळा आहे. जुन्नर-आंबेगावच्या ऊस पट्ट्यात लांब झोताची विजेरी अवश्य असावी, परंतु ती दुसरी विजेरी म्हणून. पहिली रुंद झोताची. तीव्र, अरुंद झोताच्या लख्ख वर्तुळाला डोळा सरावला की वर्तुळाबाहेरचे सारे काळे होते, आणि साप बहुधा वर्तुळाबाहेरच असतो. अंधाराला पुरते सरावायला डोळ्याला वीस ते तीस मिनिटे लागतात. ती सवय एका चुकार झोताने क्षणात मोडते.

उजेडाच्या रंगाकडे तर कोणीच लक्ष देत नाही. स्वस्त एलईडीचा उजेड निळसर पांढरा असतो. तो डोळ्यांना प्रखर भासतो, पण त्यात तांबूस छटा फिक्या पडतात. वाळक्या पाचोळ्यावर वेटोळे घालून बसलेली घोणस म्हणजे तपकिरीवर तपकिरी नक्षी. ती वेगळी दिसायची तर रंगांचा भेद दाखवणारा, किंचित पिवळसर उजेड अधिक उपयोगी.  आणखी एक गोष्ट अनुभवी माणसे न शिकवता करतात : विजेरी कमरेच्या खाली धरतात. खालून तिरपा पडणारा प्रकाश प्रत्येक ढेकळाची, काडीची, वेटोळ्याची सावली पाडतो आणि उंचसखलपणा उठून दिसतो. कपाळावरचा दिवा हात मोकळे ठेवतो खरा, पण त्याचा प्रकाश नजरेच्याच रेषेत जात असल्याने सावल्या लपतात व जमीन सपाट भासते. म्हणून दारे मोडताना कपाळावरचा दिवा आणि बांधावरून चालताना हातातली विजेरी, अशी जोडी मला योग्य वाटते. मोबाइलचा दिवा या कामाचा नाही. त्याचा उजेड पसरट, पाच-सात पावलांत संपणारा. आणि अडचणीच्या वेळी १०८ क्रमांक फिरवायला लागणारी बॅटरी तोच खाऊन टाकतो.

आता बॅटरीविषयी. आपल्या खेड्यांत विजेरीलाच ‘बॅटरी’ म्हणतात आणि तिच्या पोटातल्या वस्तूला सेल. ही भाषा एका अर्थाने अचूक आहे, कारण विजेरीचा खरा कस सेलातच लागतो. हल्लीच्या दमदार विजेऱ्यांत बहुतेक १८६५० या आकाराचा लिथियम-आयन सेल असतो : १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी. उत्तम प्रतीच्या अशा सेलाची क्षमता सुमारे ३,५०० मिलिअँपिअर-तास, म्हणजे साधारण साडेबारा वॅट-तास ऊर्जा. चांगला एलईडी एका वॅटमध्ये शंभरेक लुमेन देतो. यावरून हिशोब मांडावा : १०० लुमेनवर विजेरी बारा तास चालेल, १,००० लुमेनवर जेमतेम सव्वा तास, आणि तीही तापून काही मिनिटांतच आपोआप मंद होईल. बांधावरून चालायला ५० ते १५० लुमेन पुरतात. खोक्यावर हजारो लुमेन आणि शिवाय ‘रात्रभर चालते’ असे दोन्ही लिहिलेले असेल, तर त्यांतले एक वाक्य दुसऱ्याला खोटे पाडते.

९,९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले १८६५० सेल बाजारात सर्रास दिसतात. या आकारात तेवढी ऊर्जा आजच्या तंत्राने मावत नाही. असे सेल अनेकदा जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, नवे वेष्टन चढवलेले असतात. सोन्या-चांदीसारखेच येथेही वजन कामी येते : खरा सेल ४५ ते ४८ ग्रॅम भरतो, नकली बऱ्याचदा स्पष्टपणे हलका लागतो. लिथियम सेलांसाठी आयएस १६०४६ हे भारतीय मानक आहे आणि भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे; वेष्टनावर नोंदणी क्रमांक नसेल तर सेल परत करावा. वेष्टन फाटलेला सेल वापरूच नये. असा सेल किल्ल्यांच्या जुडग्यासोबत खिशात टाकणे म्हणजे खिशात विस्तव बाळगणे होय.

सेल बदलता येणारी विजेरी घ्यावी, याविषयी मी आग्रही आहे. बंदिस्त बॅटरीच्या विजेऱ्या दोन-तीन हंगामांत निकामी होतात आणि दिवा शाबूत असताना सबंध वस्तू उकिरड्यावर जाते. ज्यांना लिथियमची काळजी घेणे जिकिरीचे वाटते त्यांनी पेन्सिल सेलावर चालणारी विजेरी घेऊन त्यात पुनर्भारित होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल वापरावेत. असे दोन सेल १०० लुमेन उजेड चार-साडेचार तास देतात, आणि अडल्या वेळी गावातल्या किराणा दुकानातले साधे सेलही चालतात. फक्त हंगाम संपल्यावर ते साधे सेल आत ठेवू नयेत. ते गळतात आणि स्प्रिंग खातात. लिथियम सेल ठेवायचा झाल्यास अर्धा भारित ठेवावा. मेच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीत विजेरी ठेवू नये. ४५ अंशांवर तापलेला सेल चार्जिंगला लावणे धोक्याचे असते. शिसे-आम्लाची बॅटरी असलेल्या जुन्या मोठ्या विजेऱ्यांचे तंत्र याउलट : त्या रिकाम्या ठेवल्या की मरतात, म्हणून वापर नसतानाही महिन्याकाठी चार्ज कराव्यात.

पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा आयपीएक्स-४ असेल तर पावसाचे शिंतोडे सोसतील, पाटात पडलेली विजेरी वाचायची तर आयपीएक्स-७ हवा. त्यात मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी असते.

कोकणातील वाचकांसाठी एक सूचना. विंचवाचे अंग अतिनील प्रकाशात हिरवट-निळे चमकते. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी ज्या लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, तो जांभ्याच्या भिंतींत, लाकडांच्या रचाईत लपून राहतो. अतिनील झोताची बोटभर विजेरी फारशी महाग नसते. मुलांचे अंथरूण घालण्यापूर्वी खोलीभर एकदा फिरवली की पुरे.

हे सारे ज्ञान शेतकऱ्याने एकट्याने मिळवावे, अशी अपेक्षा ठेवणे आम्हा संशोधकांना शोभत नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेतून समन्वयित होणारा शेतीतील श्रमशास्त्र व सुरक्षितता हा अखिल भारतीय प्रकल्प मळणी यंत्रापासून कडबा कुट्टीपर्यंत अवजारांचा सुरक्षिततेच्या दृष्टीने अभ्यास करतो. त्याच यादीत विजेरी यावी. कृषी विद्यापीठांनी बाजारातील दहा-बारा विजेऱ्या दरवर्षी विकत घेऊन त्यांचा खरा उजेड, खरा कालावधी आणि सेलाची खरी क्षमता मोजावी व खरिपापूर्वी निकाल मराठीत छापावेत. यासाठी लागणारी उपकरणे कोणत्याही अभियांत्रिकी विभागात उपलब्ध असतात. सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा केंद्राने २०२४ मध्ये जाहीर केला आहे. कृषी विभाग संरक्षक साहित्याचा विचार करतो तेव्हा फवारणीचा मुखवटा आणि हातमोजे डोळ्यांसमोर येतात. त्यांच्या शेजारी गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि तपासलेली विजेरी ठेवण्यास फार मोठा खर्च येणार नाही. निकामी सेल परत घेण्याची जबाबदारी २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी उत्पादकांवर टाकलेलीच आहे. कृषी सेवा केंद्राच्या दारात एक झाकणाचा डबा ठेवला तर ते सेल विहिरीकाठच्या उकिरड्याऐवजी तेथे जमा होतील.