होडीचें जन्मटिपण

जुन्या वस्तूला मोठा इतिहास चिकटविण्याचा मोह बहुतेकांस होतो. घरांतील समई कोणी पेशवाईंतली म्हणतो, पेटी कोणी पणजोबांच्या वेळची. पण आधार विचारल्यास ‘असें ऐकिवांत आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाहीं. अमेरिकेंत मात्र एका जातीच्या लांकडी होडीचा जन्म लेखी पुराव्यानें सिद्ध करतां येतो. ती हकीकत आमच्या वाचकांस बोधप्रद वाटेल अशी आम्हांस आशा आहे.

ही होडी म्हणजे कॅनू. दोन्ही टोंकांस निमुळती, हलकी व वल्ह्यानें चालणारी. मेन राज्यांत पेनॉब्स्कॉट नदीच्या कांठीं ओल्ड टाउन नांवाचें गांव आहे, व समोरच्या बेटावर पेनॉब्स्कॉट लोकांची जुनी वस्ती आहे. भूर्जवृक्षाच्या सालीची कॅनू बांधण्याची विद्या या लोकांची व त्यांच्या शेजारच्या जमातींची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सालीऐवजीं रंगविलेलें कॅनव्हास आलें, आणि पुढें ओल्ड टाउन येथेंच अशा होड्यांचा मोठा कारखाना उभा राहिला.

या कारखान्याची शिस्त वाखाणण्यासारखी होती. प्रत्येक होडीच्या टोंकाशीं, आंतील बाजूस, लांकडावर अनुक्रमांक ठोकलेला असे व त्यापुढें होडीची लांबी फुटांत. त्याच अंकाचें एक कार्ड कचेरींत राही. घाट कोणता, प्रत कोणती, फळ्यांचें व कांठाचें लांकूड कोणतें, कॅनव्हास केव्हां चढविलें, रंग कोणता दिला, आणि होडी कोणत्या दिवशीं कोठें रवाना झाली, हें सारें त्यावर नोंदलेलें. अशा दोन लक्षांहून अधिक नोंदींच्या प्रतिमा आज संगणकावर उपलब्ध आहेत.

तथापि अंक सांपडला म्हणजे काम संपलें असें नाहीं. रंगरोगणाच्या थरांखालीं ३ चा ८ दिसतो, आणि भलत्याच होडीचें कार्ड हातीं येतें. म्हणून कार्डावरील लांबी व लांकूड प्रत्यक्ष होडीशीं ताडून पाहावें लागतें. मेळ बसला कीं होडीचें वय निश्चित होतें, आणि जीर्णोद्धार करणाऱ्यास मूळचा रंगही कळतो.

याच राज्यांतील व्हीझी गांवच्या मॉरिस कारखान्याची गोष्ट उलट आहे. १९१९ च्या डिसेंबरांत तो आगींत जळाला व त्याचें दप्तर मागें उरलें नाहीं. त्याच्या होड्यांचें वय, शिल्लक होड्यांवरील अंक व जुन्या सूचीपत्रांतील चित्रें ताडून, अदमासानेंच ठरवावें लागतें.

कार्डालाही मर्यादा आहेच. होडी कोठें पाठविली एवढें तें सांगतें. तेथून ती कोणाच्या घरीं गेली, तींत बसून कोणत्या मुलानें वल्हें मारण्यास शिकून घेतलें, हें सांगत नाहीं. तें घराण्यानेंच सांगावयाचें, आणि तेंही लिहून. आपल्या घरांतील जुन्या वस्तूंची माहिती ज्या वडीलधाऱ्यांस आहे, त्यांच्याजवळ सवड काढून बसावें. ऐकलेलें कोणतें व पाहिलेलें कोणतें हें वेगळें ठेवून, सन व स्थळ यांसह वहींत उतरून घ्यावें. कारखान्याला कचेरी होती. घराला ही वहीच.