दाखला नाही म्हणून लेकरू परत पाठवू नका

नंदनवनकरहो,

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. दिवस थोडे उरलेत, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आपल्या नंदनवनपासून वाठोडा-खरबीपर्यंत जिथे स्लॅब पडतोय, तिथे बाजूला टिनाची खोली असते. तिच्यात छत्तीसगड नाहीतर बालाघाटहून आलेलं एखादं कुटुंब. आईबाप कामावर, आणि सात वर्षांची पोर धाकट्याला कडेवर घेऊन रेतीच्या ढिगावर.

मागच्या साली अशाच एकीला घेऊन मी एका शाळेत गेलो. "टीसी आणा, जन्मदाखला आणा, मग बघू." तिचा बाप पुन्हा आला नाही, एका खेपेला एक रोजी बुडते. कायदा मी नंतर वाचला, हीच माझी चूक. शिक्षण हक्क कायदा, 2009 सांगतो : वयाचा दाखला नसला तरी प्रवेश द्यावाच लागतो, टीसीला उशीर हे कारण चालत नाही, वर्ग वयाप्रमाणे मिळतो.

"बाहेरचे आले की आपलं कमी होतं," असं पानठेल्यावर ऐकतो. शाळेपुरतं तरी हे उलटं आहे. शिक्षक पटावर ठरतात. याच कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीच्या 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, 61 झाली की तीन. पट घसरला की शिक्षक जातो आणि आपल्याच पोरांचे दोन वर्ग एका खोलीत बसतात.

आणि बाहेरचे म्हणाल, तर फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासितही जरीपटक्यात वसले. आज तिथल्या बाजारात आपण खरेदीला जातो, तेव्हा कोण कुठून आलं ते विचारतो का?

येत्या रविवारी जवळच्या साईटवर जा. आधी धाकट्याचं नाव अंगणवाडीत घाला. तो सुटल्याशिवाय थोरली शाळेत जाणार नाही. महापालिकेच्या हिंदी माध्यमाच्याही शाळा आहेत. अर्ज भरू शकेल असं कुणीतरी सोबत जा, नकार मिळाला तर तो लेखी मागा. ठेकेदारांनो, आईबाप प्रवेशासाठी जातील त्या सकाळची त्यांची रोजी कापू नका. आणि साईटवर गेलात की गावचं रेशनकार्ड इथल्या दुकानात चालतं हेही त्या कुटुंबांना सांगा. अर्धं घर गावी असलं तरी इथल्यांना आपल्या वाट्याचं धान्य उचलता येतं.

सोमवारी सकाळी मी पोरांना घेऊन शाळेकडे निघतोय. ज्यांच्याकडे स्कूटर आहे त्यांनी ती घेऊन यावं, मागे दोन पोरं सहज बसतात.