तापमानाचे आकडे वेगवेगळे का येतात? अंदाज आणि नोंद शेजारी ठेवून पाहिलं तर

१० जानेवारी २०२५ रोजी जगातल्या मोठ्या हवामान संस्थांनी २०२४ सालाचा हिशोब जाहीर केला. युरोपच्या कोपर्निकसने सांगितलं, तापमान १.६० अंशांनी जास्त. ब्रिटनच्या मेट ऑफिसने १.५३ म्हटलं. नासाने १.२८ म्हटलं आणि त्याच निवेदनात पुढे १.४७ असाही आकडा दिला. जागतिक हवामान संघटनेने सहा संस्थांच्या नोंदी एकत्र करून १.५५ सांगितलं. त्याच महिन्यात आपल्या भारतीय हवामान विभागाने भारतापुरतं ०.६५ सांगितलं, आणि हे १९०१ पासूनचं देशातलं सर्वांत उष्ण वर्ष असल्याचंही नोंदवलं.

एकाच वर्षाचे एवढे आकडे. मग ग्रुपवर मेसेज फिरायला वेळ लागत नाही: "बघा, शास्त्रज्ञांचंच एकमत नाही, आणि म्हणे पन्नास वर्षांनंतरचं सांगतात." सुशिक्षित माणसंही हे पुढे पाठवतात, म्हणून आम्हाला हा विषय घ्यावासा वाटला. आकडे खोटे नाहीत, ते फक्त एका पट्टीवर आणलेले नाहीत.

घरातलं उदाहरण घेऊ. मुलगा किती वाढला, असं कुणी विचारलं तर आपण आधी विचारतो, कधीपासून? पहिलीपासून मोजलं तर एक उत्तर येईल, पाचवीपासून मोजलं तर दुसरं. मुलाची उंची मात्र तीच आहे. नासाचा १.२८ हा आकडा १९५१ ते १९८० च्या सरासरीपासून मोजलेला आहे, तर १.४७ हा १८५० ते १९०० या काळापासून. आपल्या हवामान विभागाने १९९१ ते २०२० ही सरासरी धरली. ती तीस वर्षं स्वतःच बरीच तापलेली होती, म्हणून वाढ लहान दिसते. शिवाय तो आकडा एका देशाच्या जमिनीवरचा आहे, बाकीचे जमीन आणि समुद्र मिळून अख्ख्या पृथ्वीचे. सुरुवातीचा काळ एकच धरला तर कोपर्निकस, मेट ऑफिस आणि नासा यांच्यातला फरक अंशाच्या जेमतेम आठव्या भागाइतका उरतो. तोही मुख्यतः एकोणिसाव्या शतकातल्या नोंदी तुटपुंज्या आहेत म्हणून.

हीच काळजी कंप्युटर मॉडेलचा अंदाज प्रत्यक्ष नोंदीशेजारी ठेवताना दुप्पट घ्यावी लागते. मॉडेल पृथ्वीवर सगळीकडे हवेचं तापमान काढतं. प्रत्यक्षात समुद्रावर जहाजं आणि बोये पाण्याचं तापमान मोजतात, आणि पाण्याचा पृष्ठभाग वरच्या हवेपेक्षा थोडा हळू तापतो. उत्तर ध्रुवाकडचा भाग सर्वांत वेगाने तापतोय, पण तिथे केंद्रं कमी, म्हणून जुन्या तक्त्यांत ती जागा रिकामीच राहायची. २०१५ मध्ये ब्रिटनचे केविन काउटन आणि सहकाऱ्यांनी मॉडेलमधूनही समुद्राच्या जागी पाण्याचंच तापमान घेतलं, आणि जिथे नोंद नाही तिथे मॉडेलचाही आकडा सोडला. अंदाज आणि नोंद यांच्यातलं काही अंतर तिथेच मिटलं. मॉडेल बदललेलं नव्हतं, फक्त तुलना सरळ झाली होती.

आमच्याकडे काही बुजुर्ग म्हणतात, पुढचं कोण जाणतं? गैबचं इल्म अल्लाहकडे आहे. बेशक आहे. पण मॉडेल तसा दावा करतच नाही. ते अट घालून बोलतं: इतका धूर सोडलात तर तापमान इतकं, कमी सोडलात तर इतकं. मस्जिदीच्या भिंतीवरचा नमाजच्या वेळांचा तक्ता पाहा. तो सूर्याच्या चालीच्या हिशोबावर आधीच छापलेला असतो, त्याला कुणी गैबचा दावा म्हणत नाही. आणि तो बरोबर आहे की नाही, हे आभाळाकडे बघून पडताळता येतं.

१९८८ च्या जूनमध्ये नासाचे जेम्स हॅन्सन अमेरिकी सिनेटसमोर बोलले, तेव्हा त्यांच्या अभ्यासात असेच तीन अंदाज होते. धूर वाढतच गेला तर एक, मध्यम वाढला तर दुसरा, पुढे वाढ थांबली तर तिसरा. दहा वर्षांनी अमेरिकी काँग्रेससमोर एका टीकाकाराने त्यातली फक्त सर्वांत वरची रेष दाखवली आणि हॅन्सन चुकले म्हणून जाहीर केलं. आजही फिरणारे कित्येक तक्ते याच जातीचे आहेत. खरी गोष्ट अशी की मधली रेषही प्रत्यक्षापेक्षा वरच गेली. पण का? १९८७ च्या मॉन्ट्रियल करारामुळे फ्रिजमधले सीएफसी वायू आटोक्यात आले आणि मिथेनही धरला होता तितका वाढला नाही. म्हणजे अटच पूर्ण झाली नाही.

२०१९ मध्ये झीक हाउसफादर आणि सहकाऱ्यांनी १९७० ते २००७ या काळात छापून आलेले जुने अंदाज गोळा करून एका जागी मांडले. एकूण १७. त्यातले १० प्रत्यक्ष नोंदीशी जुळले. मग त्यांनी वायूंचं प्रमाण खरोखर जितकं वाढलं त्या हिशोबाने पुन्हा तपासलं, तेव्हा १४ जुळले. आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडच्या बातम्यांत फारशी आली नाही. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक्झॉन तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांचे १९७७ पासूनचे अंदाज तपासले गेले. दर दहा वर्षांना साधारण ०.२ अंश, हा त्यांचा हिशोब नोंदीशी चांगलाच जुळत होता. तेल विकणाऱ्यांच्या कपाटात हे कागद होते आणि लोकांना सांगितलं जात होतं की काही नक्की नाही.

मॉडेल चुकतच नाहीत, असं आम्ही म्हणत नाही. २०२१ च्या आयपीसीसी अहवालासाठी आलेल्या नव्या मॉडेलांपैकी काही गरजेपेक्षा जास्त तापणारी निघाली. जुन्या काळाच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावरच हे कळलं, आणि अहवालाने त्यांची सरसकट सरासरी घेतली नाही. २०२३ मध्ये उलटं झालं. त्या वर्षाची उसळी इतकी मोठी होती की ती अंदाजात नीट बसत नाही, हे नासाचे गेविन श्मिट यांनी 'नेचर'मध्ये उघड लिहिलं. तुलना नेहमी चालू असते तेव्हाच अशी चूक पकडली जाते, मग ती कोणत्याही बाजूची असो.

ही तुलना करायला पूर्वी विद्यापीठाचा कंप्युटर लागायचा. नेदरलँड्सच्या सरकारी हवामान संस्थेतले गेर्ट यान फान ओल्डनबर्ग यांनी क्लायमेट एक्सप्लोरर नावाची सोय उभी केली. जगभरच्या नोंदी आणि मॉडेलांचे निकाल एका ठिकाणी, फुकट. प्रदेश निवडा, वर्षं निवडा, दोन्ही रेषा एकाच कागदावर काढा. २०२१ मध्ये ते कर्करोगाने गेले, त्यांचं काम मात्र जगभर वापरलं जातं. त्याच वर्षी आयपीसीसीनेही नकाशावर बोट ठेवून पाहता येईल असा ॲटलस काढला. त्यात कोणत्या काळापासून मोजायचं ते आपणच बदलू शकतो. नववी-दहावीच्या मुलांना हे जमतं. तो काळ बदलला की आकडा कसा पळतो, हे एकदा स्वतः पाहिलं की फॉरवर्ड वाचायची नजर बदलते.

आपल्या जवळचं पाहू. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. जागतिक अहवालासाठी भारताचं पहिलं स्वतःचं मॉडेल तिथेच तयार झालं. २०२० च्या सरकारी अहवालानुसार १९०१ ते २०१८ मध्ये भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. जगाच्या मानाने हे कमी वाटतं. कारण आपल्याकडच्या धूलिकणांनी आणि जमिनीच्या बदललेल्या वापराने वाढ थोडी झाकून ठेवलीय, असं तोच अहवाल सांगतो. इथे मॉडेलची मर्यादाही ओळखायला हवी. जागतिक मॉडेलचा एकेक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा असतो. रत्नागिरीचा दमट किनारा, मधला घाट आणि कोल्हापूर जवळपास एकाच चौकोनात येतात. मुंबईचा नमाजचा तक्ता नागपुरात लावला तर वीस-पंचवीस मिनिटांचा घोळ होईल, तसंच हे.

आणि नोंदही डोळे मिटून घ्यायची नसते. २९ मे २०२४ ला दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राने ५२.९ अंश दाखवले, देशभर ब्रेकिंग न्यूज झाली. तपासणीनंतर हवामान विभागाने सांगितलं, तिथलं यंत्र सुमारे तीन अंश जास्त दाखवत होतं. पहिली बातमी मिळालेले किती लोक ही दुसरी बातमी वाचून होते?

आता जिथे हा विषय आपल्या घरात शिरतो तिथे येऊ. १७ जून २०२४ ला मक्केत हरमजवळ ५१.८ अंश नोंदले गेले. त्या हजमध्ये १,३०१ जणांचा इंतकाल झाल्याचं सौदी सरकारने सांगितलं. त्यातले ८३ टक्के परमिटशिवाय आलेले होते, म्हणजे तंबू, बस आणि सावलीशिवाय उन्हात लांब चालणारे. मक्केच्या अनेक दशकांच्या नोंदी सांगतात की तिथलं तापमान दर दहा वर्षांना साधारण ०.४ अंशाने वाढलंय, जगाच्या सरासरीच्या जवळपास दुप्पट वेगाने. तरीही सावल्या, पाण्याचे फवारे आणि दवाखान्यांमुळे त्या काळात उष्माघाताचं प्रमाण कमी झालं होतं, हेही त्याच नोंदींत दिसतं.

अंदाज काय म्हणतो? मूळचे सुदानचे, अमेरिकेच्या एमआयटीतले प्राध्यापक अल्फातिह अल्ताहिर आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अरबस्तानासाठी बारीक चौकोनांचं मॉडेल वापरलं. त्यांनी नुसतं तापमान घेतलं नाही, ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं तापमान घेतलं. हवेत दमटपणा असेल तर घाम वाळत नाही, आणि माणूस तिथेच कोसळतो. मक्केत हा दमट उकाडा ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये सर्वांत जास्त असतो. हज दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. म्हणून २०३२ च्या सुमारास तो मार्चमध्ये येईल, २०४० ला डिसेंबरमध्ये. मग २०४७ ते २०५२ मध्ये नेमका त्या दमट महिन्यांत. त्या वर्षांत, आणि पुन्हा २०७९ ते २०८६ मध्ये, उकाडा अति-धोक्याची रेषा ओलांडेल, असा त्यांचा निष्कर्ष आहे. धूर कमी केला तरी धोका राहील, मात्र तो कमी वेळा आणि कमी तीव्र असेल.

अम्मी-अब्बांना हजला पाठवायचा विचार करणाऱ्यांसाठी, इंशाअल्लाह, २०३० नंतरची दहा-बारा वर्षं त्यामानाने सोपी आहेत. आणि परमिटशिवाय नेतो म्हणणाऱ्या एजंटाला काय उत्तर द्यायचं, ते २०२४ च्या आकड्यांतच आहे. आज दहावीत बसलेली मुलं मात्र २०४७ मध्ये सदतीस-अडतीस वर्षांची असतील. पैसे साठवून, मुलंबाळं थोडी मोठी झाल्यावर आपल्या घरांतून लोक हजला निघतात, ते साधारण याच वयापासून.